झालं का आणि झालं ना

कोरियन शिकायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. नेहमीच्या शिक्षिका सुट्टीवर होत्या, म्हणून त्या दिवशी सोलहून आलेल्या एक पाहुण्या बाई वर्गावर आल्या. वय माझ्या आईएवढं, केस बारीक कापलेले, हातात पाण्याची स्टीलची बाटली. ओळख करून घ्यायची म्हणून त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, "ऑदीसॉ वास्सॉयो?" कुठून आलात? कोणी कोथरूड म्हणालं, कोणी नाशिक. माझी पाळी आली. आदल्याच आठवड्यात आम्ही ‘जियो’ हा प्रत्यय शिकलो होतो आणि मी वहीत त्याच्यापुढे ‘याने वाक्य मऊ होतं’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पाहुण्यांशी मऊच बोललेलं बरं. मी ऐटीत म्हणाले, "मिरजेसॉ वात्चियो."

बाई क्षणभर थांबल्या आणि खळखळून हसल्या. "असं होय? म्हणजे मला आधीच माहीत असायला हवं होतं!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण का हसायचं ते काही कळलं नव्हतं. व्याकरण बरोबर होतं, उच्चार बरा होता, ‘मिरजेसॉ’ तर इतकं घरचं वाटत होतं की मिरजेला स्वतःची कोरियन विभक्ती असावी. मग चुकलं काय?

ते कळलं रात्री, भांडी घासताना. बाईंचा प्रश्न आणि माझं उत्तर मी मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं. "कुठून आलात?" "मिरजेहून आले ना!"

हातातला डबा तसाच राहिला. कोणी पहिल्याच भेटीत गाव विचारलं आणि मी ‘मिरजेहून आले ना!’ असं फटकन म्हणाले, तर समोरच्याला काय वाटेल? एवढंही ठाऊक नाही का तुम्हाला, असंच. ‘ना’ मऊ असतो, पण तो लागतो कुठे यावर सगळं आहे. हे मला मराठीत जन्मापासून येत होतं. फक्त आपल्याला हे येतं, हे माहीत नव्हतं.

‘जियो’ म्हटल्यावर आपल्याकडे मोबाइलचं सिमकार्ड आठवतं, त्याला इलाज नाही. यातला ‘ज’ ‘जरा’मधला नव्हे, ‘जीव’मधला, आणि आधीच्या अक्षराप्रमाणे तो कधी ‘च’कडे झुकतो, म्हणून ‘वात्चियो’. मूळ प्रत्यय नुसता ‘जी’. मित्रमैत्रिणींशी, धाकट्या भावंडांशी बोलताना तेवढाच पुरतो. समोरच्याचा मान राखायचा तर पुढे ‘यो’ लागतो. आणि रोजच्या बोलण्यात ‘जियो’ घाईघाईने ‘ज्यो’ होतो. राजा सेजोंगने 1446 साली जाहीर केलेल्या लिपीत ही घाई डोळ्यांना दिसते: ‘जी’चा एक चौकोन आणि ‘यो’चा एक चौकोन, दोघे एकमेकांत शिरून एकच चौकोन होतात.

काम त्याचं असं. मला एखादी गोष्ट बहुतेक ठाऊक आहे, तुलाही ठाऊक असावी असं मी धरून चालले आहे, तू फक्त मान डोलाव. "छुवॉयो?" म्हणजे थंडी वाजतेय का? विचारणाऱ्याला खरंच माहीत नाही. "छुप्चियो?" म्हणजे थंडी वाजतेय ना? विचारणाऱ्याने समोरच्याचे आखडलेले खांदे आधीच पाहिलेत आणि बहुधा त्याचा हात खिडकीच्या कडीपर्यंत पोचलाय.

इथवर सोपं आहे. कुठल्याही भाषेत अशी काहीतरी सोय असतेच. मला नवल वाटलं ते पुढचं. कोरियन माणूस पाहुण्याला खुर्ची दाखवत म्हणतो, "आन्जुशिज्यो." हा प्रश्न नाही, खात्री करून घेणं नाही, हा आग्रह आहे. शब्दकोशात बघून भाषांतर करायला गेलं की माणूस अडखळतो. आणि मराठीत? "बसा ना." निघायची वेळ झाली, "काशिज्यो." चला ना. कोणीतरी जड पिशव्या घेऊन चाललंय, आपण पुढे होऊन म्हणतो, "चेगा हाज्यो." मी करते ना. प्रश्नात ‘ना’, आग्रहात ‘ना’, आपणहून काम अंगावर घेण्यात ‘ना’. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, मध्ये अख्खा चीन पसरलाय, आणि एका चिमुकल्या प्रत्ययाने दोन्हीकडे तीच तीन-चार घरं धरून ठेवलीत. या शोधाच्या आनंदात मी वर्गातल्या दोघींना फोन केले. एकीने ‘बरं’ म्हणून ठेवून दिला.

तिच्या ‘बरं’वरूनच पुढचं सुचलं. कारण ‘ज्यो’ सगळीकडे ‘ना’ होत नाही. चष्मा सापडत नसला की कोरियन माणूस घरभर फिरत स्वतःशीच पुटपुटतो, "ऑदी इत्ची?" इथे ‘ना’ बसवून बघा. "कुठे आहे ना?" छे. मराठी माणूस म्हणतो, "कुठे ठेवला बरं?" ‘काय’, ‘कुठे’, ‘कोण’ असा प्रश्नार्थक शब्द आला की ‘ज्यो’ ‘ना’ची टोपी काढून ‘बरं’ची घालतो. दारात अनोळखी कोणी उभं असेल तर "नुगुसेयो?" म्हणजे कोण आपण? त्याऐवजी "नुगुशिज्यो?" म्हटलं की धार जरा बोथट होते. आपण कोण बरं? जणू मला आठवायला हवं होतं, चूक माझीच आहे. विसरल्याचा दोष स्वतःकडे घेऊन विचारलेला प्रश्न टोचत नाही.

आमच्या आजीकडे ‘ना’ नव्हताच. ती मिरजेच्याही पलीकडची, तिचा शब्द ‘नव्हं’. "आलीस नव्हं?" "जेवलीस नव्हं?" लहानपणी पुण्याच्या भावंडांसमोर मला त्याची लाज वाटायची. आता वाटतं, ‘ना’पेक्षा ‘नव्हं’ जास्त प्रामाणिक आहे, कारण त्याच्या पोटातला नकार उघड दिसतो: हे असं नव्हे का? कोरियनमध्येही नकार असाच गिळलेला सापडतो. ‘जानायो’ नावाचा एक प्रत्यय आहे, तो मुळात ‘जी आनायो’, म्हणजे ‘असं नाही’. दोन्ही चिकटून त्याचा अर्थ झाला ‘असंच आहे की!’ नकाराच्या वाटेने होकारावर पोचायचं. तक्रार करताना हा फार कामाला येतो. "माल्हेत्चानायो!" म्हणजे "सांगितलं होतं की!" नवरा-बायकोच्या भांडणात हे वाक्य कोरियात आणि सदाशिव पेठेत सारख्याच सुरात येत असणार, याबद्दल मला शंका नाही.

आणि मिरजेला जसं ‘नव्हं’, मालवणीत जसा ‘मां’, तसं त्यांच्याकडेही आहे. बुसान आणि आजूबाजूच्या ग्योंगसांग भागात ‘जी’चा ‘जे’ होतो. सोलचा माणूस "मात्ची?" म्हणेल तिथे बुसानचा "मात्चे?" म्हणतो. बरोबर ना, बरोबर नव्हं. शिवाय तिथे आणखी एक गंमत: हो-नाही उत्तराचा प्रश्न ‘ना’ने संपतो आणि काय-कुठेवाला ‘नो’ने. "पाम मॉगॉन्ना?" जेवलास का? "म्वॉ मॉगॉन्नो?" काय जेवलास? सोलच्या बोलीत हा भेद उरलेला नाही. प्रमाण भाषेपेक्षा बोलीत जास्त खण असतात, आजीच्या मिसळणाच्या डब्यासारखे.

आता मी चाकणच्या बाजूला एका कोरियन मालकीच्या कारखान्यात दुभाषी आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण पुढची गोष्ट माझ्या चुकीची आहे.

आमच्या विभागाचे प्रमुख कोरियन. कोरियन रिवाजाप्रमाणे त्यांना हुद्द्यानेच हाक मारायची: ‘बुजांगनिम’. लाइनवरची पोरं त्यांना ‘बुजान साहेब’ म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. साहेब मितभाषी. तासाभरात दोन वाक्यं बोलतात आणि दोन्ही अर्धवट सोडतात. हे अर्धवट सोडणंसुद्धा व्याकरणात बसवलेलं आहे बरं का. ‘नुन्देयो’ असा शेवट केला की वाक्य उंबरठ्यावर उभं राहतं: "ते आत्ता जागेवर नाहीयेत, तर…" पुढचं तुम्ही समजून घ्या. आपण ‘एक विचारायचं होतं’ म्हणतो, विचारायचं असतं आत्ताच, पण क्रियापद भूतकाळात ढकलून अंग चोरून उभे राहतो, तसंच.

तर लाइनवर काय असतं: प्रत्येक भागावर सहा बोल्ट. ते टॉर्क पान्याने ठरल्या मापापर्यंत आवळायचे, आणि मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर उतरणारी एक हिरवी रेघ मार्करने ओढायची. रेघ सरळ असेल तर बोल्ट हलला नाही. नंतर कधी तो ढिला झाला, तर डोक्यावरचा रेघेचा तुकडा फिरतो आणि खालचा तिथेच राहतो, लांबूनसुद्धा दिसतं. लहान मुलालाही कळेल इतकी साधी युक्ती आहे, आणि साधी आहे म्हणूनच घाईत ती राहून जाते.

त्या दिवशी पहिली शिफ्ट सुटायला दहा मिनिटं होती. साहेब लाइनच्या टोकाला उभे राहिले आणि मला म्हणाले, विचार यांना, "मार्किंग ता हेन्नायो?"

यातला ‘नायो’ नीट बघायला हवा. कोरियनमध्ये हाही मऊच प्रश्न आहे, पण त्याचा मऊपणा निराळ्या कापसाचा. नुसता ‘ना’ हा शेवट माणूस स्वतःशी विचार करताना वापरतो: झालं असेल का, काय जाणे. त्याला पुढे ‘यो’ लावून तोच प्रश्न दुसऱ्याच्या कानावर घालायचा. अनोळखी माणसाला बस कुठे जाते हे विचारताना, दुकानात एखादी वस्तू आहे का हे विचारताना तो हमखास येतो, आणि पुढे ‘होक्शी’ म्हणजे ‘कदाचित’ लावला की आणखी नम्र. उत्तर काय असेल याचा विचारणाऱ्याने काहीही अंदाज बांधलेला नसतो. ‘हो’ला जेवढी जागा तेवढीच ‘नाही’ला. ‘ज्यो’मध्ये ती जागा नसते. ‘ज्यो’ने ‘हो’साठी पाट मांडून ठेवलेला असतो, ‘नाही’ला उभं राहावं लागतं.

आता बघा दैव कसं असतं. कोरियनमधला जो ‘ना’ सगळ्यात मोकळा, त्याचा आवाज मराठीतल्या सगळ्यात बांधून टाकणाऱ्या ‘ना’सारखा. मी घाईत होते. कानावर ‘हेन्नायो’ आलं आणि तोंडातून गेलं, "मार्किंग झालंय ना सगळं?"

समोरचा मुलगा म्हणाला, "हो मॅडम."

संध्याकाळी शेवटच्या तपासणीत दोन ट्रे रेघेविना सापडले. चोवीस-चोवीस भाग. बोल्ट आवळलेले होते, पण रेघ नाही म्हणजे पुरावा नाही, म्हणून सगळे पुन्हा पान्याखाली गेले. दुसऱ्या शिफ्टची दोन माणसं दोन तास त्यात अडकली. नुकसान म्हणाल तर एवढंच. पण त्या मुलाला बोलावून घेतलं गेलं, तो मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडमनी ‘झालंय ना’ विचारलं, मला वाटलं त्यांनी बघितलंय. माझ्या बाजूचं झालं होतं."

तो खोटं बोलला नव्हता. मी त्याला विचारलंच नव्हतं. मी त्याला सांगितलं होतं, आणि शेवटी एक ‘ना’ टांगला होता.

हे मी साहेबांना कोरियनमध्ये समजावून सांगायला लागले, की चूक त्याची नाही, मी प्रश्न बदलला. ते ऐकत होते. मग म्हणाले की तेव्हा मला ‘ना’ ऐकू आला होता. चार वर्षं इथे आहे, तेवढं कळतं. "ना म्हणजे जी. कुरॉच्यो?" बरोबर ना? आणि थोडं थांबून, "पण मी ‘हेत्चियो’ असं म्हटलं नव्हतं…" या वाक्याचा शेवट त्यांनी ‘नुन्देयो’ने केला. उंबरठ्यावर सोडून दिलं. मला वरच्या आवाजात झापलं असतं तर सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात मला सगळीकडे ‘ना’ ऐकू यायला लागला. दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या पोटावर हात दाबून म्हणतात, "इथे दुखत नाही ना?" आणि बाई दात आवळून म्हणते, नाही. लेकीला बघायला आलेल्या मंडळींसमोर आई म्हणते, "तुला स्वयंपाकाची आवड आहे ना गं?" मीटिंगमध्ये वरिष्ठ विचारतात, "सगळ्यांना समजलं ना?" आणि पंधरा माना हलतात. आणि रोज रात्री साडेनऊला मिरजेहून फोन: "जेवलीस ना?" ‘जेवलीस का?’ असं आईने विचारल्याचं मला आठवत नाही. ‘का’ विचारणं म्हणजे ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवणं. आणि दीडशे मैलांवरून ती ‘नाही’ ऐकून करणार काय? म्हणून ती ‘ना’ लावते आणि मी बिस्किटाचा पुडा बाजूला ठेवून ‘हो’ म्हणते. कोरियन मालिकांमधल्या आयासुद्धा फोनवर "पाम मॉगॉत्ची?" म्हणतात. खालच्या पट्टीत मराठी अक्षरं आली असती तर तिथेही ‘ना’च उमटला असता.

म्हणून ‘ना’ वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ‘ना’शिवायची मराठी म्हणजे सरकारी फॉर्म. घरी आलेल्याला नुसतं ‘बसा’ म्हटलं तर तो बसेल, पण चहाची वाट बघणार नाही. प्रश्न एवढाच, की त्या क्षणी मला माहिती हवी आहे की सोबत. मालिका बघून कोरियन शिकणाऱ्यांना ‘ज्यो’ लवकर आवडतो, कारण त्याने आपण आतले झालो असं वाटतं. ते त्याचा शिडकावा करत सुटतात, जसा मी मिरजेवर केला. ‘नायो’ उशिरा पचतो. तो लावला की आपण बाहेरचेच राहतो, हात बांधून. दुभाष्याचं काम मात्र बहुतेक वेळा तिथूनच चालतं, हे मला अठ्ठेचाळीस भागांनी शिकवलं. कोरियन परीक्षेत मला ‘नायो’च्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते, हे जाता जाता.

यानंतर महिन्याभराने साहेबांनी फर्मान काढलं, तेही अर्धवटच: आपण जर मराठीत विचारलं तर… म्हणजे मी शिकवायचं. कँटीनमध्ये चहाच्या कागदी कपावर मी त्यांना दोन वाक्यं कोरियन अक्षरांत लिहून दिली. एक ‘झालं का?’ आणि एक ‘झालं ना?’ दोन्ही त्यांनी मोठ्याने म्हणून पाहिली. ‘झालं’मधला ‘झ’ त्यांच्या जिभेला सापडेना, तिथे ‘चालं’ येत होतं. ‘ळ’ नाही हे नशीब. मग त्यांनी खिशातून लाइनवरचा हिरवा मार्कर काढला, ‘ना’वर सरळ एक रेघ मारली आणि कप घेऊन लाइनकडे गेले. चहा अर्धा तसाच होता.

मी मागे मागे. शिफ्ट सुटायला पाच मिनिटं. तोच मुलगा उभा होता.

"मार्किंग चालं का?"

मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिले. मग त्याने ट्रेवर वाकून बोटाने मोजायला सुरुवात केली.

"नाही साहेब. अकरा राहिलेत."